आठ हजार विड्या

नानांच्या डायरीत एक पान उभं दुमडलेलं.
डावीकडे साल, उजवीकडे टक्के,
मधल्या घडीत तंबाखूची पूड.
पूड आईची, टक्के नानांचे.

सीना-भीमा स्पिनिंग अँड वीव्हिंग,
कामगारांच्या कोट्यातून चाळीस शेअर,
दर्शनी किंमत दहा.
पगारातून वीस महिने वीस-वीस रुपये कापून
आशण्णा यन्नम, जॉबर, रिंग खातं, दुसरी पाळी,
मिलचे मालक झाले.

१९७९. बारा टक्के.
मिलचे बारा टक्के नव्हेत, हे नानांना
हेडक्लार्कनं समजावलं:
दहाच्या नोटेमागं एक रुपया वीस पैसे.
टपालानं वॉरंट आलं, कडेला टाचणीएवढ्या भोकांची रांग.
इस्त्रीचा शर्ट घालून नाना नव्या पेठेतल्या बँकेत गेले.
सही तेलुगूत केली.
कॅशियरनं चष्मा वर करून विचारलं, हे काय?
नाना म्हणाले, मी.

अठ्ठेचाळीस रुपये.
आई सुपावरून मान वर न करता म्हणाली,
किती हजार?
तिच्याकडे एकच माप होतं.
हजार विड्यांना सहा रुपये.
आठ, नाना म्हणाले.
म्हणजे आठ दिवस, आई म्हणाली,
आणि फर्मा पुढच्या पानावर ठेवला.

१९८३ ला अठरा टक्के.
त्या आकड्याभोवती नानांनी पेन्सिलीनं गोल काढलाय,
दोनदा.
८४ ला पंधरा. ८५ ला पंधरा.
८६ ला बोनस, एकास एक. अशोक चौकातून पेढे आले.
चाळीसचे ऐंशी झाले तर भाव अर्धा का झाला?
आईनं विचारलं.
नानांनी पेढा तिच्यापुढं केला.
बँकेत एकतीस वर्षं काढून
मलाही याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

मग भाव उतरत गेला. तीस, बावीस, अठरा.
लाभांश मात्र हटून बसलेला, पंधरा टक्के.
१९९० साली शेअर बारा रुपयाला
आणि हातात दीड रुपया.
चाटी गल्लीतला बलदवा कॅल्क्युलेटर पुढं सरकवून म्हणाला,
साडेबारा टक्के यील्ड आहे की अण्णा,
एफडीत कुठं मिळतंय? अजून शंभर घेऊन टाका.

यील्ड काढताना भाव खाली लिहितात, छेदात.
छेद झिजत गेला की उत्तर फुगतं.
तापानं अंग कढत होतं,
त्याला कुणी ऊब म्हणत नाही.
हे मला आता कळतं.
नानांना तेव्हाच कळलं असावं.
ते रिंग खात्यात होते,
बारापैकी सात फ्रेमवर गोणपाट टाकलेलं
रोज बघत होते.
शंभर घेतले नाहीत. ऐंशी विकलेही नाहीत.

त्या वर्षीचं वॉरंट एकशेवीस रुपयांचं.
किती हजार? आई म्हणाली.
हजारी आता पंधरावर गेलेली.
नाना हिशेब करून थांबले.
पुन्हा केला.
आठ.
अकरा वर्षांमागं पण आठच होते की,
आई म्हणाली, सहज,
दोरा दातानं तोडता तोडता.

इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच राहिला.
नाना बँकेत गेले नाहीत.

पुढं ९१ समोर आडवी रेघ.
९२ समोर रेघ.
मिलच्या फाटकाला कुलूप, ९३, रेघ,
रेघाही वळणदार अक्षरासारख्या, पट्टी न वापरता सरळ,
९६ पर्यंत.
मग पान संपलंय. नानाही.

काल ते वॉरंट घडीतून निघालं,
मुदत तीन महिने, भोकांची रांग शाबूत.
आईला आता दिसत नाही फारसं.
काय शोधलालीस गं? म्हणाली.
मी कागद तिच्या हातात दिला.
तिनं तो अंगठ्यानं चाचपला,
शीर कुठल्या बाजूला जाते ते पाहिलं,
एका कोपऱ्यापासून वळायला घेतला आणि सोडला.

सुकलंय पान, म्हणाली.
भिजवल्याबिगर वळायचं नाही.